नाव माणसाचे, नोंद सरकारची

(केंदूर, ता. शिरूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



केंदूर हे नाव वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संत कान्होराज पाठकांचे गाव म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे ते एका ताम्रपटामुळे. बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसऱ्या कीर्तिवर्म्याचा शके ६७२ मधील, म्हणजे सुमारे इसवी सन ७५० मधील, दानलेख 'केंदूर ताम्रपट' याच नावाने ओळखला जातो. त्या काळच्या अशा लेखांत राजाची वंशावळ असते, त्याची बिरुदे असतात, दान घेणाऱ्याचे नाव व गोत्र असते. दान दिलेल्या भूमीत नांगर धरणाऱ्या माणसाचे नाव मात्र सहसा शोधूनही सापडत नाही. नोंद कोणाची व्हावी आणि कोणत्या नावाने व्हावी, हे ठरवण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याकडे असतो, हे सत्य तितकेच जुने आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. राज्यघटनेने प्रत्येक माणसाला नागरिक केले आणि शासनाने प्रत्येक नागरिकाला नोंदीत घेतले. जन्माची नोंद, शाळेची नोंद, शिधापत्रिका, मतदारयादी, सातबारा, आधार, बँकेचे खाते, भविष्यनिर्वाह निधी, एवढ्या ठिकाणी आज शेतमजुराचेही नाव असते. परंतु या सर्व ठिकाणी ते नाव सारखे असतेच असे नाही. ते सारखे नसले तर पुरावा कोणी द्यायचा, हेलपाटे कोणी घालायचे आणि रोजगार कोणी बुडवायचा, हा प्रश्न उरतो. वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच कार्यकर्त्यांनी तो हाती घेतला पाहिजे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. एखाद्या प्रौढ नागरिकाला आपले नाव बदलावेसे वाटले तर त्याला मनाई करणारा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांसंबंधीच्या प्रकरणात असे स्पष्ट केले, की नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा अंगभूत भाग आहे आणि त्यावरील अधिकार हा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. म्हणजे नाव ही सरकारने दिलेली वस्तू नव्हे. सरकारचे काम ते नीट लिहून घेण्याचे आहे.

महाराष्ट्रात नाव बदलण्याची रीत अवघड नाही. शासकीय मुद्रण व लेखनसामग्री संचालनालयाकडे अर्ज करावयाचा, जुन्या नावाचा पुरावा द्यावयाचा, बदलाचे कारण सांगावयाचे, ठरलेले शुल्क भरावयाचे. त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या दुसऱ्या भागात जुने नाव आणि नवे नाव अशी सूचना छापून येते. हा अर्ज आता घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. इतकी ही सोपी गोष्ट आहे.

अडचण येथून पुढे सुरू होते. ज्या राजपत्रात ही सूचना छापली जाते त्याच राजपत्रात असेही छापलेले असते, की या जाहिरातीची कोणतीही कायदेशीर जबाबदारी शासन घेत नाही. परिणामांना सूचना देणारी व्यक्तीच जबाबदार राहील. शासन आपल्याच मुद्रणालयात, आपल्याच शिक्क्याखाली एक नाव छापते आणि त्या नावाचा भार मात्र नागरिकाच्या खांद्यावर ठेवते. मग तो नागरिक ते पान घेऊन शाळेत जातो, तहसीलात जातो, आधार केंद्रावर जातो, बँकेत जातो. प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज आणि नवे पुरावे. एका कार्यालयाने मान्य केलेला बदल दुसऱ्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक दप्तर स्वतःच्या नोंदीला सत्य मानते आणि समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाला संशयित मानते. आधारमधील नाव तर आयुष्यात दोनदाच बदलता येते. तिसऱ्या वेळी खास परवानगी लागते. ज्याच्या नावात पहिल्या वेळी केंद्रावरच चूक झाली, त्याची एक संधी अशा रीतीने दुसऱ्याच्या चुकीपायी खर्च होते.

आता शासनाला स्वतःला नाव बदलावयाचे असते तेव्हा काय घडते ते पाहा. २०२४ साली तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला आणि ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला. शिरूरच्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्याचे त्याच वर्षी अहिल्यानगर झाले. एका निर्णयाने, एका अधिसूचनेने पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, आणि कोणत्याही तलाठ्याला 'आपण तेच आहात याचा पुरावा आणा' असे म्हणून कोणी परत पाठवले नाही. हे बदल योग्य की अयोग्य हा येथे मुद्दा नाही. मुद्दा इतकाच, की शासनाच्या मनात आले तर एक बदल सर्व दप्तरांत झिरपू शकतो.

नावाचा प्रश्न केवळ सोयीचा असता तर त्यासाठी बैठक बोलावण्याचे कारण नव्हते. या भूमीत नाव हे माणसाची पायरी दाखवण्याचे साधन होते. शूद्राचे नाव तिरस्कार सुचवणारे असावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले ते अशा पायऱ्या मोडण्यासाठी. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. ते नाव विद्यापीठाच्या नावात येण्यास १४ जानेवारी १९९४ चा दिवस उजाडावा लागला. नामांतराच्या लढ्यात समाजवादी चळवळीतले अनेक कार्यकर्ते उतरले ते कशासाठी, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. नावात प्रतिष्ठा असते हे विरोधकांनीही ओळखले होते, म्हणून तर विरोध इतका कडवा होता.

गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावे पुसून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतिनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. परंतु वस्तीच्या तोंडावर पाटी बदलली आणि घरपट्टीच्या पावतीवर, शाळेच्या दाखल्यावरील पत्त्यात, मतदारयादीत जुनेच नाव राहिले, तर त्या मुलाला प्रत्येक अर्जाबरोबर आपली जात उच्चारावी लागते. पाटी गावाला दिसते. दप्तर मात्र माणसाबरोबर जन्मभर चालते.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील एक घटना कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलीमागून मुली झाल्या की शेवटच्या मुलीचे नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत आपल्या समाजात होती. 'नको असलेली' ही त्या मुलीची जन्मभराची हाक. शाळेतल्या हजेरीत तेच, शिधापत्रिकेवर तेच. सातारा जिल्हा परिषदेने अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे दिली. नव्या नावाची प्रमाणपत्रे त्यांच्या हाती पडली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. नाव बदलल्याने हा आकडा बदलत नाही, हे खरे. परंतु वर्गात हजेरी घेताना जिला रोज 'नको असलेली' म्हणून उभे राहावे लागत होते, तिच्या दृष्टीने त्या दिवशी काहीतरी मोलाचे घडले. कार्यपद्धतीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की येथे मुली कार्यालयांच्या पायऱ्या चढत गेल्या नाहीत. यंत्रणा त्यांच्या दारी गेली. जे एका जिल्ह्यात झाले ते अन्यत्र होऊ शकत नाही असे मानण्याचे कारण नाही.

स्त्रियांच्या नावाचा प्रश्न मात्र नकुशीपाशी संपत नाही. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल आहे. माहेरची शांता सासरी सुनंदा होते. वडिलांचे नाव जाते, आडनाव जाते, पुष्कळदा स्वतःचे नावही जाते. कायदा यांपैकी काहीही मागत नाही. विवाहित स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. तरीही ताटातले नाव हौसेने लिहिले जाते आणि त्याची किंमत ती बाई पुढची चाळीस वर्षे फेडते. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झालेले तिसरे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या २०२४ सालच्या अर्जात लग्नापूर्वीचे नाव आणि लग्नानंतरचे नाव असे दोन रकाने ठेवावे लागले. स्त्रीला दोन नावे असतात हे शासनाने अर्जात मान्य केले. ती दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र अन्य कामांत तिच्यावरच राहिली.

शेतजमिनीच्या बाबतीत हा प्रश्न फार गंभीर होतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संपूर्ण देशाने २००५ साली हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. वडील गेल्यावर वारसनोंद होते, फेरफार होतो, आणि सातबारावर मुलीचे नाव लागते ते बहुधा माहेरच्या ओळखीने किंवा घरातल्या लाडक्या हाकेने. तिच्याजवळची कागदपत्रे सासरच्या नावाची. रस्त्यासाठी जमीन गेली आणि मोबदला आला, किंवा पीककर्जासाठी बँकेत जावे लागले, की प्रश्न उभा राहतो: सातबारावरची ही बाई कोण? भाऊ सज्जन असेल तर तो ओळख सांगतो. तसा नसेल तर नावातला फरक त्याच्या पथ्यावर पडतो. कायद्याने दिलेला हिस्सा एका वेलांटीच्या आणि एका आडनावाच्या फटीतून निसटतो. हक्कसोडपत्रावर अंगठा न घेताही बहिणीचा हक्क बुडवता येतो, तो असा.

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने एक स्वागतार्ह निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवावयाची. विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या दस्तावर लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही त्याच निर्णयाने दिली. आईचे नाव दप्तरात आले याचा आनंद आहेच. परंतु ज्या आईचे स्वतःचे नाव चार कागदांवर चार प्रकारे आहे, तिचे कोणते नाव बाळाच्या नावात जाणार? आईचे नाव दुरुस्त झाले नाही तर तिच्या नोंदीतला गोंधळ पुढच्या पिढीच्या वाट्याला जाईल.

शिरूर तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. केंदूर, पाबळ, धामारी, कान्हूर मेसाई हा पट्टा पाण्याला मोताद राहिलेला. येथील तरुण रांजणगावच्या, सणसवाडीच्या, चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. पुष्कळांची नोकरी कंत्राटी. भरतीच्या वेळी कंत्राटदाराचा माणूस नाव लिहितो ते रोमन लिपीत, ऐकले तसे. शाळेचा दाखला आणि सातबारा मराठीत असतो. बँक, आयकर आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा कारभार रोमन लिपीत चालतो. एका लिपीतून दुसरीत जाताना एखादे अक्षर कमी-अधिक होते आणि निधीच्या नोंदीतील नाव आधारशी जुळत नाही. कामगाराला हे कळते ते काम सुटल्यावर, आजारपणात किंवा मुलीच्या लग्नात पैसे काढायला गेल्यावर. मालकाच्या सहीने संयुक्त घोषणापत्र देऊन दुरुस्ती करण्याची तरतूद आहे आणि अलीकडे तीत काही सवलतीही झाल्या आहेत. परंतु ज्याचा कंत्राटदार गाशा गुंडाळून गेला, त्याने सही कोणाची आणावयाची? पैसा त्याच्या घामाचा आहे. चूक त्याची नाही. तरी खेटे घालावे लागतात ते त्यालाच.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. नाव बदलणे फार सोपे केले तर लबाड माणूस कर्ज बुडवून, गुन्हा करून नव्या नावाआड लपेल, असे म्हणतात. आक्षेप पोकळ नाही. कागदांची छाननी झालीच पाहिजे. परंतु ज्याला लपावयाचे आहे तो राजपत्रात जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी छापून घेण्यास जात नाही. जाहीर नोंदीमुळे माणूस लपत नाही, उलट त्याचा माग राहतो. लबाडीला वाव मिळतो तो नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून. एका ठिकाणचा बदल सर्वत्र पोहोचला तर लबाडाची अडचण होईल आणि प्रामाणिक माणसाची सुटका होईल.

हे तत्त्व कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसंबंधी २०१९ साली झालेल्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे जन्मदाखल्यात आणि ओळखीच्या इतर सर्व शासकीय दस्तऐवजांत नाव बदलून घेण्याचा हक्क मान्य केला. त्या कायद्यावर इतर आक्षेप आहेत. पण एक प्रमाणपत्र सर्व दप्तरांना पुरेसे असावे, हा त्यातला विचार सर्व नागरिकांना लागू करण्याजोगा आहे.

तेव्हा मागण्या कोणत्या? पहिली, एकदा राजपत्रात प्रसिद्ध झालेला बदल राज्य शासनाच्या सर्व खात्यांनी स्वतःहून स्वीकारावा. दुसरी, जी चूक कार्यालयाच्या हातून झाली ती कार्यालयाने स्वखर्चाने, नागरिकाला न नाडता दुरुस्त करावी. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार आहेच. तो वापरला गेला पाहिजे. शाळेच्या नोंदीतील उघड चूक विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ साली दिला आहे. तो प्रत्येक मुख्याध्यापकापर्यंत पोहोचला पाहिजे. तिसरी, विवाहित स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे नाव विवाहनोंदणीच्या एका दाखल्यावर सर्वत्र एकच मानले जावे, आणि नाव न बदलणाऱ्या स्त्रीला कोणत्याही खिडकीवर कारण विचारले जाऊ नये. चौथी, कंत्राटी कामगाराच्या नावातील दुरुस्तीसाठी बेपत्ता मालकाच्या सहीची अट कोठेही उरू नये.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आज अस्तित्वात असलेल्या तरतुदीसुद्धा लोकांना ठाऊक नसतात. शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांकशुल्क राज्याने २००४ सालीच माफ केले. तरीही तहसीलाबाहेर मुद्रांकाचा कागद विकत घ्यावयास सांगितले जाते. अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र पुरते, असा निर्णय २०१५ साली झाला. त्याच वर्षी लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा हक्क झाला. हे निर्णय कार्यकर्त्याच्या पिशवीत असले पाहिजेत.

कामाची पद्धतही साधी ठेवावी. प्रत्येक वस्तीत एक वही घालावी. घरटी प्रत्येक माणसाचे नाव जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आणि सातबारा यांवर कसे लिहिले आहे ते शेजारी शेजारी उतरवावे. विधवा, परित्यक्ता, माहेरी हिस्सा असलेल्या बहिणी आणि कंत्राटी कामगार यांच्यापासून आरंभ करावा, कारण फरकाची झळ त्यांना आधी लागते. दुरुस्तीचा क्रमही चुकू देऊ नये: आधी जन्माची व शाळेची मूळ नोंद, आवश्यक तेथे राजपत्र, मग आधार, आणि त्यानंतर बँक, निधी व बाकीचे. उलट क्रमाने गेलेल्या माणसाला तीच पायरी दोनदा चढावी लागते. सातबाराच्या चुका शोधण्यासाठी जसे चावडीवाचन होते, तसे नावांचे वाचन ग्रामसभेत व्हावे, आणि त्या दिवशी महसूल, पुरवठा व शिक्षण या खात्यांची माणसे गावात बसावीत, असा ठराव ग्रामसभेने करावा. शिरूरला आणि पुण्याला घातलेला एकेक हेलपाटा म्हणजे बुडालेला एकेक दिवसाचा रोज आहे.

या कामात मोर्चाचा आवाज नाही आणि वृत्तपत्रांत छायाचित्रही येणार नाही. एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या नावातली वेलांटी दुरुस्त झाली, तिचे अडलेले निवृत्तिवेतन सुरू झाले, एवढीच त्याची फलश्रुती. परंतु ज्या नागरिकाचे नाव नोंदीत चुकले आहे त्याचे रेशन, त्याची मजुरी, त्याची जमीन आणि त्याचे मत, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. घटनेने सर्वांना समान मानले. ती समानता खिडकीवरच्या रजिस्टरात उतरवून घेणे हे आता कार्यकर्त्यांचे काम आहे. केंदूरच्या पहिल्या वस्तीतली वही या आठवड्यातच सुरू व्हावी.